मंडळीच्या जुन्या बाप्तिस्मा-वह्या : त्यांची ओळख व त्यांची यादी

शास्त्रपाठ : १ करिंथ १.१४–१७, एज्रा २.५९–६३, यिर्मया ३२.९–१५.

करिंथ येथील मंडळीस पत्र लिहीत असतां, आपण तेथें कोणाकोणाचा बाप्तिस्मा केला, हें प्रेषित पौल आठवूं लागला. क्रिस्प व गायस हीं दोन नांवें त्यानें प्रथम घेतलीं. मग त्यास स्तेफनाच्या घरच्यांची आठवण झाली. आणि यांखेरीज आणखी कोणाचा केला असल्यास तें आपणांस ठाऊक नाहीं, असें त्यानें मोकळेपणानें कबूल केलें. एवढ्या मोठ्या प्रेषिताची स्मृति, तीहि थोड्याच वर्षांपूर्वींच्या गोष्टीविषयीं, अशी अपुरी पडली. मग ज्या बाप्तिस्म्यास शंभर वर्षें होऊन गेलीं, ज्याचे साक्षीदार केव्हांच मातीआड झाले, त्याविषयीं आपल्या खेड्यापाड्यांतील मंडळ्यांनीं केवळ तोंडच्या सांगण्यावर किती विसंबून राहावें?

पौलाचा त्या ठिकाणचा मुख्य मुद्दा निराळा आहे. बाप्तिस्मा कोणाच्या हातून झाला याचा अभिमान धरून मंडळींत फूट पाडूं नये, हें त्यास सांगावयाचें होतें. तथापि त्याची रीति आमच्या आजच्या विषयास फार उपयोगी आहे. जें नक्की ठाऊक होतें तें त्यानें सांगितलें. जें मागाहून आठवलें तें मागाहून जोडलें. आणि जेथें ठाऊक नव्हतें तेथें तो थांबला. जुन्या नोंदी पाहणारानें हीच रीति धरावी, असें आमचें म्हणणें आहे. हें आम्ही कोणाच्या उपदेशानें शिकलों नाहीं. चूक करून शिकलों. ती चूक प्रथम सांगतों.

आमची चूक

आम्ही हें धुळें जिल्ह्यांतील, साक्री तालुक्यांतील पिंपळनेर येथून लिहीत आहों. कांहीं वर्षांपूर्वीं आमच्या मंडळींतील एका घराण्याचे लोक आम्हांकडे आले. त्यांचे आजोबा या भागांतील पहिल्या विश्वासणाऱ्यांपैकीं, असें घरांत सांगत आलेले. त्यांच्या कबरेवर नवा दगड बसवावयाचा होता, आणि त्यावर बाप्तिस्म्याचें साल घालावें अशी सर्वांची इच्छा होती. आमच्या जवळच्या वहींत तें नांव सांपडलें नाहीं. पुढें दुसऱ्या जिल्ह्यांतील एका जुन्या वहीच्या पानाचें छायाचित्र कोणीं मोबाईलवर पाठविलें. त्यांत नांव तेंच, बापाचें नांव तेंच, वय अजमासें वीस, ‘राहणार पिंपळनेर’, आणि साल १९०७. आम्हीं आनंदानें दाखला लिहून दिला, सही केली, शिक्का मारला. दगडावर साल कोरलें गेलें.

दीड वर्षानें तीच वही आम्हांस हातांत घेऊन पाहावयास मिळाली. पानें मागेंपुढें उलटलीं, तों त्याच महिन्याच्या इतर नोंदींत सुपें, जवळें, निघोज अशीं गांवें दिसलीं. हीं गांवें पारनेर तालुक्यांतील. त्या तालुक्यांतहि एक पिंपळनेर आहे. संत निळोबारायांचें गांव म्हणून साऱ्या महाराष्ट्रास तें ठाऊक आहे. वहींतला मनुष्य तेथला होता. आमच्या मंडळींतील घराण्याशीं त्याचा कांहीं संबंध नव्हता. आम्हीं एका घराण्यास परका आजोबा लिहून दिला होता.

ही चूक वहीची नव्हती, आणि छायाचित्र पाठविणाऱ्याचीहि नव्हती. वहींत जें होतें तें अगदीं बरोबर होतें. आम्हीं त्यांत आमच्या मनचें घातलें. ‘पिंपळनेर’ हा शब्द वाचला, आणि ‘आमचें पिंपळनेर’ असा अर्थ केला. यावरून या सबंध धड्याचें सार एका वाक्यांत सांगतां येतें : वहींत काय लिहिलें आहे तें एक, आणि त्यावरून आपण काय समजतों तें दुसरें, या दोहोंची सरमिसळ कधीं होऊं देऊं नये. म्हणून आधीं वही ओळखावी, आणि मग वहींतलें नांव.

१. वही कोणाची, हें प्रथम पाहावें

खानदेश व त्याच्या आसपासचा मुलूख यांत एकाच मिशनाचें काम झालेलें नाहीं. नाशिकास चर्च मिशनरी सोसायटीचें काम इ.स. १८३२ पासून, तेथें १८५४ मध्यें शरणपूर वसलें. दक्षिणेस अहमदनगर येथें अमेरिकन मराठी मिशनचें ठाणें १८३१ मध्यें झालें. भुसावळ-जळगांवकडे ख्रिश्चन अँड मिशनरी अलायन्सचे लोक एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस आले. पश्चिम खानदेशांत विसाव्या शतकाच्या आरंभापासून स्कँडिनेव्हियन अलायन्स मिशननें काम केलें. फ्रेड्रिक फ्रान्सन यांनीं १८९० मध्यें अमेरिकेंत काढलेल्या या मिशनास १९४९ पासून ‘दि इव्हँजेलिकल अलायन्स मिशन’ असें नांव आहे. १८९९–१९०० च्या दुष्काळांत माणसें अन्नासाठीं दूरदूर गेलीं. तेव्हां आपल्या मंडळींतील एखाद्या घराण्याची मूळ नोंद या कोणत्याहि मिशनाच्या वहींत असूं शकते.

कव्हर फाटलेली, बिननांवाची वही हातीं आली, तर ती कोणत्या मंडळीची हें तिच्या आंतल्या रकान्यांवरून पुष्कळ कळतें. तान्ह्या मुलांचे बाप्तिस्मे असून धर्मपिता व धर्ममाता यांचा रकाना असेल, तर वही बहुधा अँग्लिकन मंडळीची. तान्ह्या मुलांचे बाप्तिस्मे आहेत, परंतु धर्ममातापित्यांचा रकाना नाहीं, तर अमेरिकन किंवा स्कॉटिश मिशनच्या मंडळीची असण्याचा संभव अधिक. सर्वच जण जाणते, आणि लेंकरांचें केवळ समर्पण लिहिलेलें, तर ती समजत्या वयांतील बाप्तिस्मा मानणाऱ्या मंडळीची. अशा मंडळीच्या बाप्तिस्मा-वहींत लहान मुलाचें नांव शोधीत बसणें व्यर्थ आहे. तें समर्पणाच्या यादींत किंवा पंधरा-वीस वर्षांनंतरच्या पानावर मिळेल.

शिक्क्यावरून एकदम अनुमान करूं नये. १९२४ मध्यें अनेक मिशनांच्या मंडळ्या मिळून युनायटेड चर्च ऑफ नॉर्दर्न इंडिया झालें, आणि २९ नोव्हेंबर १९७० रोजीं नागपूर येथें तें व अँग्लिकन मंडळी वगैरे मिळून उत्तर भारताची मंडळी स्थापन झाली. जुन्या वहीवर नवा शिक्का मारलेला असतो, आणि नव्या वहींत जुन्या नोंदी उतरून घेतलेल्या असतात.

दुसरी गोष्ट, मूळ कोणती व नक्कल कोणती हें पाहावें. तीस वर्षांच्या नोंदी एकाच हाताच्या, एकाच शाईच्या, खाडाखोड मुळींच नाहीं, अशी वही दिसली तर ती बहुधा नक्कल होय. मूळ वहींत हात बदलतो, टांक बदलतो, कोठें रेघ वाकडी जाते, कोठें मागाहून समासांत दोन शब्द घातलेले असतात. नक्कल फेंकून देऊं नये. मूळ वाळवीनें खाल्लेली असल्यास तीच आपला आधार. फक्त ‘नक्कल’ असें यादींत स्पष्ट लिहावें.

तिसरी गोष्ट, बाप्तिस्म्याची माहिती केवळ बाप्तिस्मा-वहींतच असते असें नाहीं. सभासदांची वही, प्रभुभोजनास बसणाऱ्यांची यादी, पंचमंडळीच्या सभांचीं टिपणें, दुसऱ्या मंडळीकडून आलेलीं शिफारसपत्रें, दाखल्यांच्या स्थळप्रती, घरच्या पवित्रशास्त्राच्या पहिल्या कोऱ्या पानावर आजोबांनीं लिहिलेल्या चार ओळी, हें सारें गोळा करावें. मात्र प्रत्येकाची नोंद यादींत निरनिराळी असावी.

२. गांवांचीं व माणसांचीं नांवें

पिंपळनेराचें उदाहरण सांगितलेंच आहे. या नांवाचीं गांवें बीडकडे आहेत, सोलापूर जिल्ह्यांत माढें तालुक्यांत आहेत, आणि पारनेरांतहि आहेत. आमच्या येथें आणखी एक घोंटाळा आहे. पूर्वीं आजच्या साक्री तालुक्यालाच पिंपळनेर तालुका म्हणत. म्हणून जुन्या कागदांतला ‘पिंपळनेर’ हा शब्द कधीं गांवाचा असतो, कधीं सबंध तालुक्याचा. त्यापुढें ‘मौजे’ आहे, ‘कसबा’ आहे, कीं ‘तालुका’ आहे, हें नीट पाहावें.

जिल्ह्यांचीं नांवेंहि बदललीं आहेत. १९०६ मध्यें खानदेशाचे पूर्व व पश्चिम असे दोन भाग झाले. पुढें तेच जळगांव व धुळें जिल्हे झाले. १ जुलै १९९८ रोजीं नंदुरबार हा निराळा जिल्हा झाला, म्हणून ‘नवापूर, पश्चिम खानदेश’ असें लिहिलेलें गांव आज नंदुरबार जिल्ह्यांत शोधावें. अहमदनगर जिल्ह्यास आतां अहिल्यानगर म्हणतात. यादी करतांना वहींतलें जुनें नांव जसेंच्या तसें लिहावें, आणि त्यापुढें निराळ्या रकान्यांत आजचा तालुका व जिल्हा घालावा. जुनें खोडून नवें लिहूं नये.

माणसांच्या नांवांत अडचणी अधिक. आमच्या डोंगराळ भागांतील भिल्ल, कोकणा व मावची घराण्यांत सोमा, मंगळ्या, बुध्या, शुक्र्या अशीं वारांवरून नांवें ठेवीत. एका पाड्यांत तीन बुध्या असणें कांहीं नवल नव्हे. म्हणून नांवाबरोबर बापाचें नांव, पाडा, बायकोचें नांव, साक्षीदार, हीं सर्व जुळल्याखेरीज ‘हाच तो’ असें म्हणूं नये. जुन्या मराठी कागदांत ‘बिन’ म्हणजे अमक्याचा मुलगा, आणि ‘कोम’ म्हणजे अमक्याची बायको, हें ध्यानांत ठेवावें.

बाप्तिस्म्याच्या वेळीं कोणीं नवें नांव घेतलें, कोणीं घेतलें नाहीं. नीळकंठशास्त्री गोरे १८४८ मध्यें बाप्तिस्मा घेऊन नेहेम्या झाले. पंडिता रमाबाईंचा बाप्तिस्मा इंग्लंडांत वाँटेज येथें २९ सप्टेंबर १८८३ रोजीं मेरी रमा या नांवानें झाला. परंतु महाराष्ट्र त्यांस रमाबाई म्हणूनच ओळखतो. नारायण वामन टिळक यांनीं १० फेब्रुवारी १८९५ रोजीं मुंबईस बाप्तिस्मा घेतला आणि आपलें नांव तेंच ठेविलें. एवढ्या थोर माणसांची ही गोष्ट, मग आपल्या खेड्यांतील ‘शिमोन’ हा वहींत कदाचित् ‘काळू’ असेल, आणि सभासदांच्या यादींत ‘शिमोन काळू’ असेल. दोन्ही नांवें यादींत घ्यावीं.

मिशनरी लोकांनीं रोमन लिपींत जें लिहिलें तें त्यांनीं कानांनीं ऐकलेलें. त्या लिपींत ‘ल’ व ‘ळ’ एक, ‘त’ व ‘ट’ एक, ‘द’ व ‘ड’ एक. त्यांतून लिहिणारा स्वीडिश असेल तर ‘य’ या उच्चारासाठीं इंग्रज ज्यास ‘जे’ म्हणतो तें अक्षर वापरण्याचा संभव. तेव्हां ‘जेसू’ असें दिसणारें नांव ‘येसू’ असूं शकेल. मराठींत लिहिलेल्या जुन्या वह्यांत मोडी अक्षरहि सांपडतें. तें येत नसल्यास अंदाजानें वाचूं नये. जाणत्यास दाखवावें, आणि तोंवर यादींत ‘मोडी, वाचलें नाहीं’ असें लिहून ठेवावें. न वाचलेली ओळ मागाहून वाचतां येते. चुकीची वाचलेली ओळ मात्र कोणी पुन्हां तपासीत नाहीं.

३. साल, वय व जन्म

सालें इसवीचींच असतील असें धरूं नये. शके असल्यास त्यांत ७८ मिळवावे, फसली असल्यास ५९० मिळवावे. वर्षारंभ निराळा असल्यामुळें एका वर्षाचा फरक पडूं शकतो. विक्रम संवत असल्यास ५७ किंवा ५६ वजा करावे. जसें शके १८२९, फसली १३१७ व संवत १९६४ हीं सारीं १९०७–०८ च्या सुमाराचीं. यादींत येथेंहि मूळ साल प्रथम, आणि इसवी साल त्यापुढें.

वयाविषयीं फार सावध असावें. वीस, पंचवीस, तीस, चाळीस असेंच वय पानोपानीं दिसलें, तर तें लिहिणाऱ्याचा अंदाज समजावा. दुष्काळांत आश्रयास आलेल्या पोरक्या मुलांचें वय तर दांतांवरून व उंचीवरून ठरविलेलें असे, आणि आईबापांचा रकाना पुष्कळदां कोराच असे. त्या कोऱ्या रकान्यांत आज आपण कांहीं भरूं नये.

बाप्तिस्म्याची नोंद ही बाप्तिस्म्याचा पुरावा होय. जन्माची तारीख तिच्यांत असली तरी ती पाळकानें आईबापांकडून ऐकलेली. जन्ममृत्यूच्या नोंदणीचा आजचा कायदा १९६९ चा. १ ऑक्टोबर २०२३ नंतर जन्मलेल्यांस शाळा, मतदारयादी वगैरे कामांकरितां जन्मदाखलाच लागतो. त्यापूर्वींच्या, विशेषतः जुन्या पिढ्यांच्या बाबतींत चर्चची नोंद, शाळेचें रजिस्टर आणि गांवचें कोतवाल बुक एकमेकांशीं ताडून पाहावीं लागतात. कोतवाल बुकांत पुष्कळदां मुलाचें नांव नसतें. बापाचें नांव व मुलगा कीं मुलगी एवढेंच असतें. चर्चच्या वहींत नांव असतें, पण जन्मतारीख नसते. दोन्ही जवळ ठेवल्या म्हणजे एकाची उणीव दुसऱ्यानें भरून निघते.

४. यादी कशी करावी

पुष्कळांस वही मिळाली कीं लगेच नांवें उतरून काढण्याची घाई होते. तसें करूं नये. आधीं वह्यांची यादी, मग नांवांची. प्रत्येक वहीस पेन्सिलीनें एक क्रमांक द्यावा. शाईनें किंवा बॉलपेननें वहीवर एक अक्षरहि लिहूं नये. नंतर एका स्वतंत्र कागदावर पुढील गोष्टी लिहाव्या :

(१) वहीचा क्रमांक, आणि ती कोणत्या मंडळींत, कोणत्या पेटींत किंवा कपाटांत आहे.
(२) कव्हरावर किंवा पहिल्या पानावर जें नांव असेल तें जसेंच्या तसें. नसेल तर ‘नांव नाहीं’.
(३) पहिल्या व शेवटच्या नोंदीची तारीख.
(४) पानांची संख्या. फाटलेलीं किंवा नसलेलीं पानें कोणतीं.
(५) भाषा व लिपि, छापील रकाने कीं हातानें आंखलेले, रकान्यांचीं नांवें.
(६) मध्येंच कोणतीं वर्षें नाहींत.
(७) मूळ कीं नक्कल, आणि असें कशावरून वाटतें.
(८) वहीची आजची स्थिति : वाळवी, कसर, ओल, शाई उडालेली.
(९) यादी कोणीं केली व कोणत्या दिवशीं.

नमुन्यादाखल समजा : ‘वही ३. नांव नाहीं. मराठी, बाळबोध, बारा पानें मोडी. चौऱ्याऐंशीं पानें, शेवटचीं दोन फाटलेलीं. हातानें आंखलेले सात रकाने. मध्यें तीन वर्षें कोरीं. हात चार, यावरून मूळ वही असावी.’ एवढें लिहावयास अर्धा तास पुरे. परंतु आमच्यापाशीं पारनेरकडील त्या वहीचा असा अर्ध्या तासाचा कागद असता, तर कबरेवर चुकीचें साल कोरलें गेलें नसतें.

नांवांची यादी करतांना प्रत्येक ओळीस वहीचा क्रमांक, पान व नोंदीचा आंकडा द्यावा. शेवटीं ‘शेरा’ म्हणून एक निराळा रकाना ठेवावा, आणि आपलीं सर्व अनुमानें त्या रकान्यांतच असावीं. ‘हे बहुधा अमक्याचे आजोबा’ हें वाक्य शेऱ्यांत शोभतें. नांवाच्या रकान्यांत तें असत्य होतें.

५. वहीचा सांभाळ

यिर्मयानें अनाथोथ येथील शेत सतरा शेकेल रुपें देऊन विकत घेतलें, तेव्हां खरेदीखत साक्षीदारांसमक्ष झालें, आणि त्याच्या दोन प्रती झाल्या : एक मोहरबंद, एक उघडी. त्या पुष्कळ दिवस टिकाव्या म्हणून मातीच्या पात्रांत घालून ठेवण्यास त्यानें बारूखास सांगितलें. शहरास शत्रूचा वेढा पडलेला असतां त्यानें ही व्यवस्था केली. इंग्लंडांत १५३८ मध्यें टॉमस क्रॉमवेल यांच्या हुकुमानें प्रत्येक चर्चनें बाप्तिस्मा, विवाह व दफन यांची वही ठेवावी असें ठरलें, आणि ती वही दोन कुलुपांच्या पेटींत ठेवावयाची होती. एक किल्ली पाळकाकडे, दुसरी चर्चच्या कारभाऱ्यांकडे. म्हणजे दोन प्रती असाव्या, आणि वही एकट्याच्या ताब्यांत नसावी, हे दोन्ही नियम जुनेच आहेत.

आपल्याकडील कित्येक नोंदींस सरकारचा किंवा मोठ्या संस्थेचा आसरा मिळाला. गोव्यांतील अनेक चर्चांच्या वह्या पणजीच्या पुराभिलेखागारांत आहेत. मुंबई इलाख्यांतील सरकारी चॅप्लेन लोकांनीं पाठविलेल्या नोंदींच्या नकला इ.स. १७०९ पासूनच्या लंडनच्या ब्रिटिश लायब्ररींत आहेत. परंतु त्यांत बहुतेक युरोपियन व अँग्लो-इंडियन यांचींच नांवें. चर्च मिशनरी सोसायटीचे कागद बर्मिंगहॅमच्या विद्यापीठांत व अमेरिकन बोर्डाचे हार्वर्डच्या हौटन ग्रंथालयांत आहेत; पण ते मुख्यत्वें पत्रें व अहवाल. अमक्या पाड्यावरील बुध्याचें नांव लंडनास किंवा हार्वर्डास मिळण्याचा संभव फार थोडा. तें आपल्या पेटींतल्या वहींतच असावयाचें, आणि ती वही एकच आहे.

ती सांभाळण्यास पैसा फारसा लागत नाहीं. पुण्याच्या पेशवे दप्तरांत कागद कापडी रुमालांत बांधून ठेवीत. तसें धुतलेलें कोरें सुती कापड घ्यावें. पेटी जमिनीवर किंवा भिंतीस टेंकून ठेवूं नये, विटांवर ठेवावी. वर्षांतून दोनदां, पावसाळ्यापूर्वीं व नंतर, उघडून पाहावी. वाळवी लागलेली वही इतर वह्यांपासून त्याच दिवशीं निराळी करावी. ओली झालेली वही उन्हांत टाकूं नये. सावलींत वाऱ्यावर सुकवावी. फाटलेल्या पानास चिकटपट्टी लावूं नये, आणि लॅमिनेशन तर मुळींच करूं नये. जुन्या शाईंत लोहाचा अंश असतो, ती आंतल्या ओलाव्यानें कागद खात राहते. मोबाईलवर छायाचित्रें घ्यावयाचीं तर कव्हरापासून शेवटच्या पानापर्यंत क्रमानें सबंध वहीचीं घ्यावीं, आणि दोन निरनिराळ्या ठिकाणीं ठेवावीं. सुटें एकच पान पाठविल्यानें काय होतें तें आम्हीं वर सांगितलेंच आहे.

६. कोणास दाखवावें

वही मंडळीची आहे, तरी तींतील प्रत्येक गोष्ट सर्वांनीं वाचण्याची नव्हे. कोठें पूर्वींची जात लिहिलेली असते, कोठें बापाचें नांव नसतें, कोठें टाकून दिलेल्या लेंकराची हकीगत असते. शिवाय या नोंदींस आज कायद्यांतहि वजन आहे. १९५० च्या आदेशाप्रमाणें हिंदु, शीख व बौद्ध यांखेरीज दुसऱ्या धर्माचा मनुष्य अनुसूचित जातीचा गणला जात नाहीं. अनुसूचित जमातींस धर्माची अशी अट नाहीं. नोव्हेंबर २०२४ मध्यें सर्वोच्च न्यायालयानें पुदुच्चेरीच्या एका प्रकरणांत निकाल देतांना अर्जदाराच्या बाप्तिस्म्याची नोंद विचारांत घेतली. यास्तव नोंद लपवूं नये, बदलूं नये, आणि गांवभर पसरवूंहि नये. आमचा नियम असा कीं, शंभर वर्षांच्या आंतील पान व्हॉट्सअॅपवर घालावयाचें नाहीं. ज्याची नोंद त्यास किंवा त्याच्या वारसास, त्याच्या ओळीपुरती नक्कल द्यावी. आणि नकलेवर वहीचा क्रमांक, पान व ‘मूळ वहीवरून पाहून लिहिलें’ हे शब्द असावे. मूळ वही पाहिली नसेल तर दाखला देऊं नये.

७. नोंद सांपडली नाहीं तर

बंदिवासांतून परतलेल्यांत कांहीं लोक असे होते कीं, त्यांस आपल्या वडिलांचें घराणें दाखवितां येईना. कांहीं याजकांनीं वंशावळीची वही धुंडाळली, पण त्यांचीं नांवें तींत मिळालीं नाहींत. तेव्हां अधिपतीनें काय केलें? त्यांच्यासाठीं नवीन वंशावळ रचली नाहीं; आणि त्यांस लोकांतून हांकूनहि दिलें नाहीं. याजकपणाचा निर्णय मात्र, उरीम व थुम्मीम धारण करणारा याजक उभा राहीपर्यंत, तहकूब ठेविला. ते बाकीच्यांबरोबर यरुशलेमेसच आले. नोंद नाहीं म्हणजे मनुष्य नाहीं असें नव्हे. आणि मनुष्य आहे म्हणून नोंद बनवावी असेंहि नव्हे.

आमची चूक उमजली तेव्हां दोन दिवस आम्ही गप्प राहिलों, हें येथें सांगणें भाग आहे. दगड बसला होता, सर्व जण समाधानी होते, आणि कोणास कळण्याचा संभव नव्हता. तिसऱ्या दिवशीं वहीच्या पानांचीं छायाचित्रें घेऊन आम्ही त्या घरीं गेलों. आजोबांचे थोरले चिरंजीव, वय ऐंशींच्या पुढें, ओट्यावर बसले होते. त्यांस सुपें, निघोज हीं गांवें वाचून दाखविलीं आणि आमचा दाखला चुकीचा होता असें सांगितलें. त्यांनीं पुष्कळ वेळ कांहींच म्हटलें नाहीं. मग म्हणाले, “पाळकसाहेब, आमच्या बाबाला दुसऱ्याच्या सालाखालीं कशाला निजवायचं? तें साल काढून टाका.” आम्हीं दाखला लेखी रद्द केला, आणि रद्द केल्याचा कागद स्थळप्रतीस जोडून ठेविला. गवंड्यानें सालाचे चार आंकडे सिमेंटानें भरून काढले. दगडावर ती जागा आज कोरी आहे.

पुढें आमच्याच सभासदांच्या जुन्या वहींत, यादी करीत असतां, आजोबांच्या नांवाची एक ओळ सांपडली. दुसऱ्या मंडळीकडून शिफारसपत्र घेऊन ते १९२१ मध्यें आमच्याकडे आले, एवढेंच तींत आहे. कोणत्या मंडळीकडून, हें लिहिलेलें नाहीं. आमच्या यादींत ती ओळ आहे तशी उतरली आहे, आणि शेऱ्याच्या रकान्यांत ‘बाप्तिस्म्याचें ठिकाण अद्याप ठाऊक नाहीं’ असें लिहिलें आहे. तें ठिकाण ज्या वहींत आहे, ती कदाचित् हा धडा वाचणाऱ्या एखाद्या मंडळीच्या पेटींत असेल. म्हणून आमची सर्व पाळकांस व पंचांस विनंति कीं, येत्या पावसाळ्यापूर्वीं आपली पेटी उघडावी. चिरंजीव वृद्ध आहेत, आणि अधूनमधून विचारतात.

मंडळींत विचारण्याजोगे प्रश्न

१. आपल्या मंडळीची सर्वांत जुनी वही कोणती, आणि ती आज कोणाच्या ताब्यांत आहे?
२. पौलास जें आठवलें नाहीं तेथें तो थांबला. आपण दाखले देतांना थांबतों काय?
३. यिर्मयाच्या खरेदीखताच्या दोन प्रती होत्या. आपल्या वहीच्या किती आहेत?
४. ज्यांचीं नांवें वंशावळींत मिळालीं नाहींत त्यांच्याशीं अधिपति कसा वागला? आपल्यांतील ज्या घराण्यांची नोंद मिळत नाहीं त्यांच्याशीं आपण कसें वागावें?
५. आपल्या गांवाच्या नांवाचें दुसरें गांव कोठें आहे काय?